पक्षाघात, मेंदूचे चित्र आणि घड्याळ



या व्याख्यानमालेच्या चालकांनी बोलावणे धाडले तेव्हा आम्ही त्यांस सरळच विचारले की, बोनस, महागाई भत्ता आणि कामाचे तास यांपलीकडे आम्हांस काय येते, म्हणून तुम्ही आम्हांस या व्यासपीठावर उभे करता? त्यांनी उत्तर दिले, "गेली काही वर्षे तुम्ही कारखान्या-कारखान्यांतून पक्षाघातावर बोलत फिरता. तेच येथे येऊन बोला." तेव्हा आमचा नाइलाज झाला. आमचे शाळेतील शिक्षण नववीपर्यंतचे. त्यापुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर आणि कामगारांच्या चाळीत. आज अध्यक्षस्थानी एक डॉक्टर बसले आहेत. आमचे कोठे चुकले तर त्यांनी समारोपात आमचा कान धरावा. आम्ही तो आनंदाने पुढे करू.

विषय वैद्यकाचा आहे, पण आम्ही त्याच्याकडे वळलो ते वैद्यकाच्या आवडीने नव्हे. एका चुकीमुळे वळलो. ती चूक आमची स्वतःची आहे आणि ती आधी सांगितल्यावाचून पुढचे काहीही सांगण्याचा आम्हांस अधिकार पोहोचत नाही.

२०१४ साल. दिवाळी तोंडावर आली होती आणि बोनसची बोलणी अडली होती. रात्रपाळीच्या लोकांची मते घ्यावीत म्हणून आम्ही इचलकरंजीतील एका यंत्रमाग कारखान्यात गेलो होतो. आमचा एक जुना जोडीदार तेथे जॉबर होता. वय सेहेचाळीस. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून दोष सांगणारा माणूस. चहा आला, आणि कांडी भरणारा पोरगा आमच्याकडे धावत आला. म्हणाला, "आण्णा, ह्यांचं बोलणं कळंना झालंय बघा. हातातला पाना बी पडला." आम्ही जाऊन पाहिले. तोंड जरासे एका बाजूस ओढल्यासारखे होते. जीभ जड झाली होती. तो उजव्या हाताकडे असा पाहत होता की जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा. आम्ही काय म्हणालो? "जागरण झालंय, पित्त चढलं असंल. नाहीतर घेतली असंल थोडी. घरी न्या, झोपू दे." आणि आम्ही पुन्हा बोनसकडे वळलो.

सकाळी त्याची बायको उठवावयास गेली तर उजवे अंग लुळे. शेजारी जमले. कोणी म्हणाले, वारे गेले. कोणी म्हणाले, कबुतराचे रक्त चोळा. त्यात दोन तास गेले. मग रिक्षा, मग कोल्हापूरला नेण्यासाठी गाडीची शोधाशोध. दुपार होत आली तेव्हा तो सीटी स्कॅनच्या टेबलावर पोहोचला. तेथल्या तरुण डॉक्टरांनी आम्हांस एकच प्रश्न विचारला: "यांना शेवटचे धडधाकट कोणी आणि किती वाजता पाहिले?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. अडीच असतील, तीन असतील. ज्या कारखान्यात पिकापिकाचा हिशेब मजुरीसाठी राखला जातो, तेथे एका माणसाचे अर्धे अंग किती वाजता गेले हे एकालाही सांगता येईना. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखविले. मेंदूच्या डाव्या बाजूस एक काळपट पट्टा उमटला होता. ते म्हणाले, "एवढा भाग गेला."

तो जोडीदार जिवंत आहे. आज या सभेत मागच्या रांगेत बसलेला आहे आणि त्याच्या परवानगीनेच आम्ही हे सांगत आहो. त्याचा उजवा हात मात्र परत आला नाही.

त्या चित्राने आम्हांस झोपू दिले नाही. ते काय होते, कसे निघाले, त्यावरून डॉक्टरांस काय कळले आणि तेच चित्र पहाटे चारला निघाले असते तर काय कळले असते, हे समजून घ्यावयाचे आम्ही ठरविले. जे समजले ते आज तुमच्यापुढे मांडतो.

प्रथम रोग. आपण ज्याला पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा म्हणतो त्यात वायूचा काहीही संबंध नाही. संबंध आहे तो रक्ताचा. मेंदू हा शरीराचा मोठा खादाड अवयव. त्याच्याजवळ साठा म्हणून काही नसतो. ज्याचे हातावर पोट आहे अशा रोजंदारी कामगारासारखी त्याची स्थिती: रक्त आले तर चालतो, रक्त थांबले की मरू लागतो. आता हे रक्त दोन तऱ्हांनी थांबते. शेताला पाणी देणारा पाट डोळ्यांपुढे आणा. पाटात गाळ अडकला, पाट तुंबला, तर पुढचे पीक वाळते. आणि पाट फुटला, तरीही पुढचे पीक वाळते. शिवाय फुटलेल्या जागी चिखल होऊन आजूबाजूचे पीक बुडते. मेंदूतही हेच. कधी रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तर कधी रक्तवाहिनी फुटते. बहुसंख्य झटके गुठळीचे असतात. फुटण्याचे कमी, पण ते अधिक घातकी.

आता गंमत पाहा. गंमत कसली, घोर पेचच तो. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हींत तोंड वाकडे दिसते, दोन्हींत हात पडतो, दोन्हींत जीभ अडखळते. डोकेदुखी, उलटी, बेशुद्धी यांवरून अनुभवी डॉक्टर तर्क करू शकतो, पण तो तर्कच. आणि उपचार तर एकमेकांच्या थेट उलट! गुठळी असेल तर रक्त पातळ करावयाचे, गुठळी विरघळवावयाची. वाहिनी फुटली असेल आणि तेच औषध दिले, तर फुटलेल्या पाटात आणखी पाणी सोडल्यासारखे होईल. म्हणून घरातल्या घरात कोणी शहाणपणाने ॲस्पिरिनची गोळी रोग्याच्या तोंडात घालू नये. ती गोळी कित्येकांस तारणारी आहे हे खरे. पण चित्र पाहिल्यावाचून ती याला तारील की मारील हे सांगता येत नाही.

मग डोक्याच्या आत पाहावयाचे कसे? १८९५ साली राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने क्ष-किरण शोधून काढले आणि माणसाला जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. पण मेंदू हाडाच्या पेटीत बंद. आणि क्ष-किरणांच्या साध्या चित्रात पेटी दिसते, आतला माल दिसत नाही. १९२७ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिश यांनी मानेतील रक्तवाहिनीत औषध टोचून मेंदूच्या वाहिन्यांचे चित्र काढले. काहींनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून चित्रे काढली. त्यात रोग्याचे हाल फार. पन्नास वर्षांपूर्वीपर्यंत पक्षाघाताच्या बहुतेक रोग्यांच्या मेंदूत काय झाले होते हे नक्की कळावयाचे ते शवविच्छेदनाच्या टेबलावरच.

ही पेटी ज्याने उघडली त्याची हकीकत आम्हांस फार प्रिय आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. जन्म १९१९. लहानपणी गवताच्या गंजीवरून घरी केलेले पंख लावून उड्या टाकणारा, डांबराच्या पिंपांत पाणी आणि वायू भरून ती आकाशात उडविण्याचा खटाटोप करणारा हा पोरगा. विद्यापीठाची पदवी त्याने कधी मिळविली नाही. युद्धकाळात विमानदलात यंत्रे शिकला, पुढे विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि ईएमआय नावाच्या कंपनीत नोकरीस लागला. ही कंपनी तुम्हांस अगदीच परकी नाही. कर्ण्यासमोर कान देऊन बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या तबकड्यांवर आपल्या वाडवडिलांनी नाट्यसंगीत ऐकले, त्या तबकड्यांच्या घराण्यातलीच ती.

१९६७ च्या सुमारास या गृहस्थांच्या डोक्यात एक विचार आला. बंद पेटीत काय आहे हे पेटी न उघडता ओळखावयाचे असेल तर? एका बाजूने किरण सोडला तर दुसऱ्या बाजूस तो किती उरला एवढेच कळते. पण तोच किरण सर्व बाजूंनी, एकेक अंश फिरवून सोडला आणि प्रत्येक वेळी किती उरला त्याची नोंद ठेवली, तर त्या हजारो नोंदींच्या बेरजा-वजाबाक्यांतून आतल्या कणाकणाची घनता काढता यावी. केळीच्या खुंटाचा आडवा काप घेतला की आतली वर्तुळे दिसतात ना, तसा काप; पण सुरी न लावता, नुसत्या हिशेबाने. त्यांनी पहिले यंत्र एका जुन्या लेथच्या बेडवर उभारले. सुरुवातीच्या प्रयोगात एका वस्तूच्या नोंदी घ्यावयास नऊ दिवस लागत. मग क्ष-किरणांची नळी बसविली आणि कत्तलखान्यातून आणलेल्या जनावरांच्या मेंदूवर प्रयोग केले. अखेर १९७१ च्या ऑक्टोबरच्या १ तारखेस, लंडनजवळील विम्बल्डन येथील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, जेम्स अँब्रोज या डॉक्टरांच्या साहाय्याने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र निघाले. १८० कोन, प्रत्येक कोनात १६० मोजमापे, म्हणजे एकूण २८,८०० नोंदी. त्या घ्यावयास पाच मिनिटांहून थोडा अधिक वेळ आणि त्यांचा हिशेब करावयास संगणकाला सुमारे अडीच तास. त्या बाईंच्या मेंदूतील गाठ चित्रात दिसली. आज तेच काम काही सेकंदांत होते.

हेच गणित अ‍ॅलन कॉर्मॅक या दक्षिण आफ्रिकेतील पदार्थवैज्ञानिकाने आधीच मांडून १९६३-६४ साली छापले होते. त्याची फारशी कोणी दखल घेतली नाही. १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले. त्यांतला एकही डॉक्टर नव्हता. विद्येवर कोणाची मालकी नसते, हे आमच्यासारख्या बाकावर शिकलेल्या माणसाने हक्काने सांगावे अशी ही गोष्ट आहे.

या यंत्राच्या मोजमापाला हाउन्सफील्ड यांचेच नाव आहे. पाणी म्हणजे शून्य, हवा म्हणजे उणे एक हजार. मेंदूचा गर भरतो सुमारे तीस ते चाळीस. नुकतेच साकळलेले रक्त भरते सुमारे साठ ते ऐंशी. म्हणजे या मापावर रक्ताचा आकडा मेंदूच्या जवळजवळ दुप्पट, आणि म्हणून चित्रात मेंदू करडा दिसतो व सांडलेले रक्त पांढरे शुभ्र. पाट फुटला आहे की नाही, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने काही मिनिटांत मिळते. ज्या प्रश्नापुढे आयुष्यभराचा अनुभव असलेला डॉक्टरही तर्कच करू शकत असे, त्याचे उत्तर आता डोळ्यांनी दिसते.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे, कारण त्यापायी आम्ही भांडणे होताना पाहिली आहेत. गुठळीच्या झटक्यात पहिल्या काही तासांत सीटी स्कॅनमध्ये बहुधा फारसे काही दिसत नाही. रक्त न मिळालेला भाग मरतो, सुजतो, मग काळपट होतो. त्यास वेळ लागतो. तेव्हा रोग्याचा हात पडलेला आहे आणि स्कॅन 'नॉर्मल' आला, तर नातेवाईक म्हणतात, "काही नाही म्हणतात, चला घरी." बंधूंनो, त्या क्षणी 'काही दिसत नाही' याचा अर्थ असा की रक्तस्राव नाही, आणि मेंदूचा बराच भाग कदाचित अजून वाचण्यासारखा आहे. ती उपचाराची सुरुवात असते. आमच्या जोडीदाराच्या चित्रात काळा पट्टा स्पष्ट दिसला, ही काही यंत्राची हुशारी नव्हे. तो आमचा उशीर दिसत होता.

कारण चित्र निघून उपयोग काय, हा प्रश्न पुष्कळ वर्षे होताच. गुठळी आहे हे कळले तरी करावयाचे काय? १९९५ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीत ६२४ रोगी होते. झटका आल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळविणारे इंजेक्शन अर्ध्यांस दिले, अर्ध्यांस दिले नाही. तीन महिन्यांनी औषध मिळालेल्यांपैकी शंभरांत ३९ जण जवळजवळ पूर्ववत झाले. न मिळालेल्यांत २६. हे औषध अमृत नव्हे. ज्यांस ते मिळाले त्यांच्यांत शंभरी सहाहून थोड्या अधिक रोग्यांच्या मेंदूत रक्तस्राव होऊन प्रकृती बिघडली. न मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरी एकाहूनही कमी होते. धोका धरूनही हिशेब रोग्याच्या बाजूने पडला. मात्र अट एक: आधी चित्र काढून रक्तस्राव नाही याची खात्री, आणि घड्याळ तीन तासांच्या आत. २००८ साली आणखी एका चाचणीने ही मुदत साडेचार तासांपर्यंत नेली. पण मुदत साडेचार तासांची आहे म्हणून चार तास थांबावयास हरकत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. २००६ साली जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी हिशेब मांडला की, मोठी वाहिनी तुंबलेली असताना दर मिनिटास सरासरी १९ लक्ष मज्जापेशी मरतात. आम्ही त्या रात्री चहा पीत किती मिनिटे घालविली हे आम्हांस माहीत आहे. हा गुणाकार आम्ही एकदा केला होता. पुन्हा करावयाचे धैर्य झाले नाही.

आता दुसरे यंत्र, एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात. प्रचंड लोहचुंबक असतो आणि शरीरातील पाण्याकडून तो उत्तरे मिळवितो. त्यासाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांस २००३ चे नोबेल मिळाले. त्याची एक विशेष तऱ्हा अशी आहे की, पाण्याचे सूक्ष्म कण मोकळेपणी फिरतात की अडतात हे तिला दिसते. रक्त थांबले की पेशी फुगतात आणि त्यांच्या आजूबाजूच्या पाण्याची वाट अडते. हा फरक काही मिनिटांतच उमटतो. सीटी स्कॅनमध्ये जे दिसावयास तास लागतात ते येथे लवकर दिसते. परंतु हे यंत्र महाग, त्यास वेळ अधिक, आणि सर्वत्र ते रात्री चालू असतेच असे नाही. म्हणून पहिल्या धांदलीत बहुतेक ठिकाणी सीटी स्कॅनच कामास येतो, आणि पहिल्या निर्णयाला तो पुरेसा असतो.

या चित्रांनी आणखी एक मोठी गोष्ट शिकविली. वाहिनी तुंबली की तिच्या पलीकडचा सगळा मेंदू एकदम मरत नाही. मधला गाभा लवकर मरतो. पण त्याभोवतीचा प्रदेश आजूबाजूच्या लहान वाहिन्यांच्या उसनवारीवर काही काळ तग धरून असतो. तो काम करीत नाही, पण मेलेलाही नसतो. संपात बंद पडलेला माग आणि मोडीत काढलेला माग यांत जो फरक तोच येथे. वीज आली तर पहिला चालू होतो. किती गाभा मेला आहे आणि किती भाग वाट पाहत आहे, हे आता चित्रात मोजता येते. कोणाची उसनवारी अर्ध्या तासात संपते, कोणाची दहा तास टिकते. सर्वांस एकच घड्याळ लावणे म्हणूनच अपुरे होते.

त्यातून पुढची पायरी आली. मांडीतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट मेंदूतील तुंबलेल्या वाहिनीपर्यंत नेऊन गुठळी ओढून काढावयाची. मोठी वाहिनी तुंबली आहे की काय हे पाहण्यासाठी औषध टोचून वाहिन्यांचा स्कॅन काढतात. २०१४ च्या अखेरीस नेदरलँड्समधील ५०० रोग्यांच्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले: गुठळी काढलेल्यांत शंभरी सुमारे ३३ जण स्वतःचे व्यवहार स्वतः करू लागले, इतरांत १९. २०१५ मध्ये आणखी चाचण्यांनी तेच सांगितले. २०१८ मध्ये छापलेल्या एका चाचणीत तर सहा ते चोवीस तास उलटून गेलेले, पण चित्रात अजून पुष्कळ मेंदू जिवंत दिसणारे रोगी निवडले. त्यांत गुठळी काढलेल्यांपैकी शंभरी ४९ स्वावलंबी झाले, न काढलेल्यांपैकी १३. त्याच वर्षी युरोपातील दुसऱ्या चाचणीने झोपेतून उठतानाच झटका दिसलेल्या, म्हणजे वेळ माहीत नसलेल्या रोग्यांस एमआरआयच्या आधारे इंजेक्शन देऊन लाभ होतो असे दाखविले. चित्रच तेथे घड्याळ झाले.

हे ऐकून कोणी हायसे वाटून घेऊ नये. उशिरा आलेल्या शंभर रोग्यांत असा जिवंत भाग शिल्लक असलेले थोडेच असतात, आणि नळी घालणारे कुशल हात मोजक्याच शहरांत आहेत. आमच्या जोडीदाराचा झटका या पुराव्यांच्या आधीचा. त्याने नेहमीप्रमाणे एकदा आम्हांस विचारले, "आण्णा, तवाच नेलं असतं तर हात राहिला असता का?" आम्ही डॉक्टरांस विचारून आलो. ते म्हणाले, "खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण संधी होती." ते उत्तर आम्ही त्याला जसेच्या तसे सांगितले.

पहिल्या चित्रापाशीच काम संपत नाही. इंजेक्शन दिल्यावर चोवीस तासांनी पुन्हा स्कॅन काढून रक्तस्राव झालेला नाही हे पाहतात, मगच ॲस्पिरिनसारखे औषध सुरू करतात. मेंदूला सूज येऊन तो दाबला जात असेल तर शस्त्रक्रियेचा निर्णय चित्रावरूनच घ्यावा लागतो. मानेतील वाहिन्यांचे चित्र काढून गुठळी कोठून आली ते शोधतात, म्हणजे दुसरा झटका टाळता येतो. अर्थात यंत्र डॉक्टर नव्हे. रक्तातील साखर फार उतरली तरी हुबेहूब झटक्यासारखे दिसते, आणि ते कळावयास बोटावरची सुई पुरते. चित्रापुढे विचार करणारे डोके हवेच.

आता आमच्या धंद्याकडे येतो. कोल्हापूर येथून तीस किलोमीटर. तेथे यंत्र आहे, औषध आहे, शिकलेले डॉक्टर आहेत. माणूस मात्र येथे सुताच्या पोत्यावर पडलेला आहे. या दोहोंमधले अंतर रस्त्याचे कमी आणि आपल्या अज्ञानाचे, भीतीचे व बेपर्वाईचे अधिक. पाळी सोडून रोग्याबरोबर जाणाऱ्याची मजुरी बुडते, म्हणून कोणी पुढे होत नाही. कोणत्या रुग्णालयात रात्री स्कॅन होतो हे कोणास ठाऊक नसते, म्हणून रोगी तीन दारे हिंडतो. तोंड वाकडे झालेल्या गरिबाला दारूडा समजणे सोपे असते. आम्ही स्वतःच समजलो होतो. यांतली एकही गोष्ट शास्त्रज्ञाने सोडवावयाची नाही. ती आपण सोडवावयाची आहे.

म्हणून आम्ही युनियनच्या मागणीपत्रात चार कलमे घातली. पहिले, प्रत्येक कारखान्यात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावे: तोंड वाकडे झाले का, दोन्ही हात वर केल्यावर एक खाली पडतो का, बोलणे अडखळते का, एक जरी असले तरी १०८ ला फोन. दुसरे, माणूस शेवटचा धड दिसला ती वेळ ताबडतोब लिहून ठेवावी. तिसरे, रात्रंदिवस स्कॅन आणि इंजेक्शनची सोय असलेल्या रुग्णालयाचे नाव आधीच चौकशी करून त्याच भिंतीवर लिहावे. चौथे, रोग्याबरोबर जाणाऱ्याची मजुरी कापू नये. एक मालक म्हणाले, "आण्णा, तुम्ही मागाचे बोला, मेंदूचे काय बोलता?" आम्ही म्हणालो, "मागाला जॉबर आहे, मेंदूला कोण?" ते हसले, पण भिंत रंगवून दिली. सगळ्यांनी दिली असे नाही. निम्म्याहून अधिक भिंती अजून कोऱ्या आहेत.

२०२२ च्या पावसाळ्यात रंगविलेल्या भिंतीच्या एका कारखान्यात पहाटेच्या वेळी वहिफणीचे काम करणारा एक कामगार कोसळला. कांडी भरणाऱ्या एका बाईने प्रथम काय केले असेल? खडू घेतला आणि खांबावर लिहिले, तीन वाजून दहा. त्याला पाणी पाजू नका, म्हणाली. गिळता आले नाही तर फुप्फुसात जाते, हे तिने आमच्या सभेत ऐकले होते. दीड तासाच्या आत तो स्कॅनच्या टेबलावर होता. आणि चित्रात काय दिसले? पांढरा डाग. रक्तस्राव. वेळेत आणूनही इंजेक्शन द्यावयाचे नव्हते. दिले असते तर तो गेला असता. रक्तदाब झपाट्याने पण जपून उतरविला, दुसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढले, डाग वाढला नव्हता. आज तो काठी घेऊन कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत चालत जातो. कधीकधी चित्राचे काम 'हे करू नका' एवढेच सांगण्याचे असते, आणि तेही वेळेवर सांगावे लागते.

त्याचा रक्तदाब कित्येक वर्षे चढलेला होता आणि त्याने तो एकदाही मोजून घेतला नव्हता. मेंदूत डोकावणारे यंत्र कोट्यवधींचे. दंडाला गुंडाळावयाचा पट्टा काही शेकड्यांचा. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण त्या पट्ट्याला कळते. सभा संपल्यावर आमचे दोन कार्यकर्ते दाराशी टेबल मांडून बसणार आहेत. फी नाही, वर्गणी नाही. पाच मिनिटे थांबा आणि दंड पुढे करा.

आणि घरी गेल्यावर, ज्या घरात वयस्क माणसे आहेत त्यांनी आज रात्रीच चौकशी करून ठेवा की, आपल्या जवळ रात्री तीन वाजता स्कॅन कोठे होतो. ते नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घड्याळाखाली चिकटवा. आमच्या जोडीदाराने तो कागद डाव्या हाताने लिहून आपल्या घरी लावला आहे. अक्षर वाकडे आहे, पण लांबून वाचता येते.